तिसरं मत कुणाचं?

प्रश्न असा आला आहे: "मी मेरीलँडमध्ये माँटगमरी काउंटीत अकरा वर्षं राहते. गेल्या वर्षी नागरिकत्व मिळालं. आमच्या डिस्ट्रिक्टमधून राज्याच्या खालच्या सभागृहात तीन डेलिगेट जातात. एकाऐवजी तीन जागा म्हणजे नवख्या माणसाला संधी तिप्पट, असं नाही का? आणि आयटीतली नोकरी सांभाळून हे करिअर म्हणून जमतं का?"

संधी तिप्पट नाही. करिअर जमतं, पण ते कशाच्या जोरावर चालतं हे आधी कळलं पाहिजे. मी चार प्रायमरींमध्ये, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकांत, डेलिगेटच्या उमेदवारांची खजिनदार होते आणि विधिमंडळाची दोन सेशन (अधिवेशनं) अॅनापोलिसला, राज्याच्या राजधानीत, एका डेलिगेटच्या ऑफिसात काम केलं. भाषणं करणाऱ्यांतली मी नव्हे, पावत्या जुळवणाऱ्यांतली. त्यामुळे लिहिते आहे ते टेबलाच्या त्या बाजूने दिसलेलं.

आधी रचना, थोडक्यात. राज्यात 47 डिस्ट्रिक्ट. प्रत्येकातून वरच्या सभागृहात एक सेनेटर आणि खालच्या सभागृहात तीन डेलिगेट, म्हणजे 47 अधिक 141. काही ठिकाणी डिस्ट्रिक्टचे अ, ब, क असे तुकडे पाडून एकेक किंवा दोन-एक अशा जागा केल्या आहेत, पण आपल्या काउंटीत जवळजवळ सगळीकडे तिघं एकत्रच लढतात. सगळ्यांची मुदत चार वर्षं आणि सगळ्यांची निवडणूक एकदमच, गव्हर्नरबरोबर: 2018, 2022, 2026 अशी.

आता यातली गोम. पुण्याच्या लोकांना 'बहुसदस्यीय' म्हटलं की प्रभाग आठवतो. 2017 मध्ये पुण्यात 162 नगरसेवक 41 प्रभागांतून निवडले गेले, बहुतेक प्रभाग चार सदस्यांचे. पण तिथे अ, ब, क, ड अशा चार वेगळ्या जागा असतात, प्रत्येकीची उमेदवारांची यादी वेगळी आणि मतदार प्रत्येक यादीतून एकाला मत देतो. म्हणजे नावाला प्रभाग एक, लढती चार. अमेरिकेतही वॉशिंग्टन राज्यात असंच आहे: एका डिस्ट्रिक्टला दोन प्रतिनिधी, पण 'पोझिशन एक' आणि 'पोझिशन दोन' या लढती स्वतंत्र. मेरीलँडमध्ये तसं नाही. इथे यादी एकच. नऊ जण उभे असतील तर नऊही नावं एकाखाली एक, वर लिहिलेलं असतं की जास्तीत जास्त तिघांना मत द्या, आणि पहिले तीन पुढे जातात. तुमचा ठरावीक प्रतिस्पर्धी कुणीच नसतो, त्यामुळे सगळेच असतात.

आपल्या डिस्ट्रिक्टमध्ये नोव्हेंबरची निवडणूक जवळजवळ उपचार असतो. खरा निकाल डेमोक्रॅटिक प्रायमरीत लागतो, आणि ती बंद प्रायमरी आहे: ज्यांनी मतदार नोंदणीत पक्ष लिहिला आहे त्यांनाच मत. मराठी मंडळाच्या गणपतीत तुम्हाला टाळ्या भरपूर मिळतील. त्या हॉलमधले किती जण नागरिक आहेत, त्यातले किती नोंदलेले आहेत, आणि त्यातल्या किती जणांनी 'कुठलाही पक्ष नाही' या रकान्यावर खूण केली आहे, हे एकदा शांतपणे मोजा. मी मोजलं होतं. त्या संध्याकाळी आमच्या उमेदवाराने जेवण नीट घेतलं नाही.

एक दृश्य सांगते, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. जूनमधला प्रायमरीचा दिवस, सकाळचे सात. मतदान एका शाळेच्या जिममध्ये. दारापासून शंभर फुटांवर पाटी रोवलेली, तिच्या अलीकडे प्रचार करायचा नाही. पाटीच्या पलीकडे आम्ही सगळे उन्हात, हातात पोस्टकार्डाएवढी कार्डं. कुणाच्या हातात शिक्षक संघटनेचं सफरचंदाच्या आकाराचं कार्ड, ज्याला आपल्या काउंटीत सगळे 'अॅपल बॅलट' म्हणतात. गाडीतून एक आजोबा उतरतात. टोपी, हातात काठी. माझ्या उमेदवाराला म्हणतात, "माझे दोघं ठरलेले आहेत. वर्षानुवर्षं त्यांनाच देतो. तिसरं कुणाला देऊ ते सांग."

अख्ख्या मोहिमेचा सार त्या वाक्यात आहे. पहिलं मत माणूस ओळखीवर देतो, दुसरं सवयीवर. तिसरं मोकळं असतं. ते शेवटच्या शंभर फुटांत ठरतं: हातात आलेलं कार्ड, शेजारणीने सांगितलेलं नाव, यादीत वर दिसलेलं आडनाव. नवा उमेदवार निवडून येतो तो बहुतेक वेळा या तिसऱ्या मतांवर. जुना पडतो तोही त्यांच्यावरच.

गंमत अशी की मतदाराने तिसरं मत दिलंच पाहिजे असं नाही. तो एकच खूण करून बाकी दोन कोरी सोडू शकतो. इथे त्याला बुलेट व्होटिंग म्हणतात. आपल्याकडे याला फार नेमका शब्द आहे, मत कुजवणं. 1952 च्या लोकसभा निवडणुकीत मुंबई शहर उत्तर हा दोन जागांचा मतदारसंघ होता. प्रत्येकाला दोन मतं, पण दोन्ही एकालाच देता येत नसत. डॉ. आंबेडकर तिथे नारायण काजरोळकरांकडून हरले. मतं मुद्दाम कुजवल्याचा आरोप तेव्हा फार गाजला, आंबेडकर आणि अशोक मेहता निवडणूक न्यायाधिकरणापर्यंत गेले. त्याआधी 1937 मध्ये मुंबई प्रांतात उलट सोय होती: जितक्या जागा तितकी मतं, आणि हवी तर सगळी एकाच उमेदवाराच्या पारड्यात. त्या पद्धतीत आंबेडकर मुंबईतून निवडून आले होते, विख्यात क्रिकेटपटू पाळवणकर बाळू यांना हरवून. शहर तेच, पण मत एकवटू द्यायचं की नाही हा नियमातला मोठा फरक. द्विसदस्यीय मतदारसंघ आपल्याकडे 1961 च्या कायद्याने गेले, पण ज्यांच्या आजोबांनी ती निवडणूक पाहिली आहे त्यांना मेरीलँडची मतपत्रिका समजायला पाच मिनिटंही लागू नयेत.

हिशोब असा करा. समजा तिसऱ्या आणि चौथ्या क्रमांकात दोनशे मतांचा फरक आहे. तुमच्या पक्क्या समर्थकांपैकी अडीचशे लोकांनी तुम्हाला मत देऊन, उरलेलं एक मत 'तोही बरा माणूस आहे' म्हणून त्या चौथ्याला दिलं, तर तुमच्याच माणसांनी तुम्हाला घरी बसवलं. त्यांना ते कधी कळणारही नाही. ते निकालाच्या रात्री तुमच्याकडे येऊन हळहळतील आणि केकही खातील.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. एका प्रायमरीत आमचा उमेदवार नवा होता. डिस्ट्रिक्ट आणि नावं सांगत नाही. दोन विद्यमान डेलिगेट पक्के, तिसरी जागा रिकामी झालेली. शेवटच्या आठवड्यात कुणीतरी सुचवलं की कार्डावर फक्त आपलं नाव छापलं तर आपण आपमतलबी दिसू. म्हणून आम्ही तीन नावांचं कार्ड काढलं: आमचा उमेदवार, एक विद्यमान डेलिगेट, आणि एक नवी, हुशार, मनमिळाऊ उमेदवार जिच्याशी आमचं छान जमत होतं. तीन हजार कार्डं. तिने मात्र तिच्या कार्डावर एकच नाव छापलं होतं, स्वतःचं. ती तिसरी आली, आम्ही चौथे, फरक तीनशेच्या आत. मेरीलँडच्या कायद्याप्रमाणे प्रचाराच्या प्रत्येक कागदावर खजिनदाराचं नाव छापावं लागतं. तिला निवडून आणणाऱ्या त्या कार्डाच्या तळाशी माझं नाव होतं, आणि छपाईचं बिल मीच भरलं होतं.

मग प्रत्येकाने आपलंच बघावं का? नाही, आणि इथेच खरी कसरत आहे. विद्यमान डेलिगेट आणि त्यांचा सेनेटर बहुतेक वेळा एकत्र लढतात. त्याला इथे स्लेट म्हणतात, आपल्या भाषेत पॅनेल. सोसायटीच्या किंवा साखर कारखान्याच्या निवडणुकीतलं पॅनेल डोळ्यांसमोर आणा, तेच. मेरीलँडमध्ये स्लेटचं वेगळं खातं कायदेशीरपणे उघडता येतं, चौघं त्यात पैसे घालतात, एकत्र पत्रकं काढतात, एकत्र दारं ठोठावतात. स्लेटमध्ये असाल तर सहकाऱ्यांच्या मतदारांचं तिसरं मत आयतं मिळतं. बाहेर असाल तर चारही जण मिळून तुमची वाट अडवतात. आणि स्लेटमध्ये असताना तुमच्या माणसांनी 'फक्त आपल्यालाच द्या' असा फोन फिरवला, तर संध्याकाळपर्यंत ते बाकी तिघांना कळतं. फोन सगळेच फिरवतात. पकडलं जायचं नसतं.

आता करिअरकडे येते. एकाच डिस्ट्रिक्टची गोष्ट सांगते, सतराव्याची, म्हणजे रॉकव्हिल आणि गेथर्सबर्गची, कारण तिच्यात सगळे नमुने सापडतात आणि त्यात एक मराठी आडनावही आहे.

कुमार बर्वे तिथून 1990 मध्ये निवडून आले. अमेरिकेतल्या कुठल्याही राज्याच्या विधिमंडळात निवडून गेलेले पहिले भारतीय वंशाचे सदस्य ही त्यांची ओळख. माणूस हिशेबाच्या क्षेत्रातला, हे मी जरा अभिमानाने नमूद करते. ते त्या जागेवर 2023 पर्यंत राहिले, बत्तीस वर्षं. 2003 पासून बारा वर्षं सभागृहातले बहुमताचे नेते, मग पर्यावरण आणि वाहतूक समितीचे अध्यक्ष. त्या काळात त्यांच्या आजूबाजूच्या खुर्च्यांवर कोण कोण आलं-गेलं ते बघा. जेनी फोरहँड आधी डेलिगेट होत्या, मग 1995 पासून सेनेटर, वीस वर्षं. शेरिल केगन 1995 ते 2003 डेलिगेट. 2010 मध्ये त्यांनी आपल्याच डिस्ट्रिक्टच्या सेनेटर फोरहँड यांना प्रायमरीत आव्हान दिलं आणि थोडक्यात हरल्या. 2014 मध्ये फोरहँड निवृत्त झाल्या तेव्हा त्या जागेवर दोघांचा डोळा होता: केगन, आणि विद्यमान डेलिगेट लुइझ सिमन्स. केगन जिंकल्या. सिमन्स यांनी सेनेटसाठी डेलिगेटची जागा सोडलेली होती, त्यामुळे तीही गेली.

मग ती जागा कुणाला मिळाली? अँड्र्यू प्लॅट या तरुणाला. तो चार वर्षांनी परत उभा राहिला नाही, तेव्हा 2018 मध्ये रॉकव्हिलच्या सिटी काउन्सिलमधल्या जूली पालाकोविच कार आल्या. जिम गिलख्रिस्ट सोळा वर्षांनी बाजूला झाले तेव्हा 2022 मध्ये जो व्होगेल आला, पंचविशीतला. बर्वे 2023 मध्ये राज्याच्या पब्लिक सर्व्हिस कमिशनवर (विजेसारख्या सेवांवर देखरेख करणाऱ्या आयोगावर) गेले, तेव्हा गेथर्सबर्गच्या सिटी काउन्सिलमधले रायन स्पीगल आले. यात एक गोष्ट दिसते का? आत आलेला प्रत्येक जण कुणीतरी उठून गेलेल्या खुर्चीवर बसला आहे. बसलेल्याला उठवून कुणी आलेलं नाही. म्हणून म्हटलं, संधी तिप्पट नाही. तीन खुर्च्या आहेत, पण बघायचं असतं ते यंदा कोण उठणार आहे याकडे. आणि ही बातमी वर्तमानपत्रात येण्याआधी तीन-चार महिने काउंटीतल्या वीस-पंचवीस लोकांना ठाऊक असते. तुमचं पहिलं काम त्या वीस-पंचविसांच्या ओळखीचं होणं.

स्पीगल यांचा मार्ग तर मतपेटीतून गेलाच नाही. मध्येच जागा रिकामी झाली की इथे पोटनिवडणूक होत नाही. पक्षाची काउंटीची मध्यवर्ती समिती एक नाव सुचवते आणि गव्हर्नर नेमणूक करतो. या समितीचे सदस्य प्रायमरीत निवडले जातात, त्यांच्या निवडणुकीकडे कुणी ढुंकूनही बघत नाही, आणि विधिमंडळातल्या कितीतरी जणांची पहिली एंट्री त्यांच्या मतांनी झालेली आहे. तुम्ही खरंच गंभीर असाल तर डेलिगेटआधी या समितीवर उभ्या राहा. खर्च कमी, शिकायला खूप, आणि पुढच्या रिकाम्या जागेच्या वेळी तुम्ही मतदारही असाल आणि इच्छुकही. ते जरा विचित्र दिसतं, पण चालतं.

वर चढायची वाट या रचनेत एका विशिष्ट तऱ्हेने अरुंद आहे. तीन डेलिगेट, वर सेनेटची जागा एक, आणि ती तुमच्याच सहकाऱ्याकडे. बढती हवी तर तो जायची वाट बघा, नाहीतर त्यालाच पाडा. ख्रिस व्हॅन हॉलन अठराव्या डिस्ट्रिक्टमध्ये एकच टर्म डेलिगेट होते. 1994 मध्ये त्यांनी आपल्याच पक्षाच्या विद्यमान सेनेटर पॅट्रिशिया शेर यांना प्रायमरीत हरवलं, 2002 मध्ये काँग्रेसवर, म्हणजे अमेरिकेच्या संसदेच्या खालच्या सभागृहात, निवडून गेले आणि आज अमेरिकेच्या सेनेटमध्ये आहेत. असं धाडस करून जिंकलेले लोक सगळ्यांना आठवतात. हरलेल्यांची यादी मोठी आहे आणि तिचे वाचक कमी आहेत.

काँग्रेसची उडी मारायची असेल तर वर्ष बघा, हे मी प्रत्येकाला सांगते. विधिमंडळाची निवडणूक 2018, 2022 अशा वर्षी. काँग्रेसची दर दोन वर्षांनी. म्हणजे 2016, 2024 अशा अध्यक्षीय वर्षात तुम्ही काँग्रेससाठी उभ्या राहिलात आणि हरलात, तर डेलिगेटची खुर्ची शाबूत राहते. बर्वे 2016 मध्ये आठव्या काँग्रेस डिस्ट्रिक्टसाठी उभे होते, जेमी रॅस्किन जिंकले, बर्वे परत समितीच्या खुर्चीत. व्होगेल 2024 मध्ये सहाव्यासाठी लढला, हरला, परत आला. उलट अरुणा मिलर यांनी पंधराव्या डिस्ट्रिक्टची डेलिगेटची जागा सोडून 2018 मध्ये काँग्रेसची प्रायमरी लढवली आणि दोन्ही गेलं. पुढे 2022 मध्ये त्या लेफ्टनंट गव्हर्नर म्हणून निवडून आल्या ही गोष्ट निराळी. 2002 मध्ये व्हॅन हॉलन यांच्यासमोर प्रायमरीत मार्क श्रायव्हर होते, तेही पंधराव्यातले डेलिगेट. एकाने सेनेटची जागा पणाला लावली, दुसऱ्याने डेलिगेटची. एकच वाचला.

नोकरीचं विचारलंत. सेशन नव्वद दिवसांचं, जानेवारीच्या दुसऱ्या बुधवारी सुरू होतं आणि एप्रिलमधल्या एका सोमवारी मध्यरात्री संपतं. त्या रात्रीला इथे साइनी डाय म्हणतात. बारा वाजता वरून कागदाचे रंगीत तुकडे पडतात आणि ज्याचं बिल, म्हणजे विधेयक, अकरा पन्नासला अडकलेलं असतं तो त्या तुकड्यांत उभा राहून रडवेला हसतो. हजारो बिलं येतात, आणि मेरीलँडची पद्धत अशी की जवळजवळ प्रत्येक बिलाची सुनावणी होते. त्यामुळे फेब्रुवारीत दुपारी एकला सुरू झालेली समिती रात्री नऊला उठणं यात नवल नाही. पगार 2019 च्या सुमाराला 50,330 डॉलर होता, नंतर थोडा वाढला. पेन्शनसाठी आठ वर्षं लागतात, म्हणजे दोन टर्म. आपल्या काउंटीत घरभाडं किंवा कर्जाचा हप्ता बघता हा पगार म्हणजे अर्धी नोकरी, आणि काम मात्र वर्षभराचं. वकील, शिक्षक, स्वयंसेवी संस्थेतले, स्वतःचा व्यवसाय असणारे टिकतात. तुम्ही आयटीत आहात. जानेवारी ते एप्रिल बिनपगारी रजा देणारा मालक तुमच्याकडे आहे का, हा प्रश्न उमेदवारी अर्जाच्या आधीचा. अर्जाची फी पन्नास डॉलर आहे. स्वस्त एवढंच.

पैशांबद्दल एक गोष्ट बाहेरच्यांना ठाऊक नसते. सेशन चालू असताना विद्यमान सदस्यांना निवडणूक निधी गोळा करायला कायद्याने बंदी आहे, नव्वद दिवस एक डॉलर नाही. आव्हान देणाऱ्याला ही बंदी नाही. प्रायमरी उन्हाळ्याच्या सुरुवातीला. म्हणजे निवडणुकीच्या वर्षी जुने लोक अॅनापोलिसमध्ये अडकलेले असताना तुम्हाला तीन महिने मोकळं मैदान मिळतं. नवख्या माणसाच्या बाजूने असलेला या सगळ्या खेळातला हा एक नियम. तो नीट वापरणारे फार थोडे पाहिले. बहुतेक जण ते तीन महिने वेबसाइटचा रंग ठरवण्यात घालवतात.

निवडून आल्यावर काय? महाराष्ट्रात आमदार एकच, त्यामुळे रस्ता झाला तरी तो आणि नाही झाला तरी तो. इथे एका गल्लीला तीन डेलिगेट अधिक एक सेनेटर. लोक ईमेल चौघांनाही पाठवतात. मग एक तर चार उत्तरं जातात, नाहीतर एकही नाही. 2020 च्या उन्हाळ्यात बेकारी भत्त्यासाठी रडत फोन करणारे लोक एकाच दिवशी तिन्ही ऑफिसांत फोन करायचे, आणि आमच्यापैकी तिघी एकाच फाइलच्या मागे लागलेल्या असायच्या. शेवटी आम्ही तीन ऑफिसांच्या सहायकांनी एक सामाईक शीट काढली, आडनावाच्या आद्याक्षराप्रमाणे वाटणी केली. साहेब लोकांना दोन आठवडे सांगितलंच नाही. कारण सांगितलं असतं तर 'ते कुटुंब माझ्या ओळखीचं आहे' असं सुरू झालं असतं.

श्रेयाचं तर विचारू नका. सेशन संपल्यावर डिस्ट्रिक्टला चौघांच्या नावाने पत्र जातं. त्यात कुणाचं नाव वर? ज्येष्ठतेने की वर्णानुक्रमे? कुणाचं बिल पहिल्या परिच्छेदात? मी एका पत्राचे अकरा मसुदे पाहिले आहेत. अकरावा पहिल्यासारखाच होता. शिवाय प्रत्येक डेलिगेटला डिस्ट्रिक्टमधल्या विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती वाटायचा अधिकार आहे, हे मेरीलँडचं जुनं खास वैशिष्ट्य. त्या शिष्यवृत्तीच्या पत्रावर सही एकाचीच असते, आणि ते पत्र बऱ्याच घरांत फ्रिजवर चार वर्षं टिकतं. कुठल्याही पत्रकापेक्षा ते जास्त काम करतं. यावर टीका होते आणि टीकेत तथ्य आहे असं माझंही मत आहे. पण तुम्ही डेलिगेट झालात तर तुम्हीही सही कराल.

सभागृहात तिघं एकाच ठिकाणचे असल्याचा एक फायदा मात्र खरा आहे. समित्या सभापती ठरवतात, आणि एका डिस्ट्रिक्टचे तिघं वेगवेगळ्या समित्यांत गेले तर डिस्ट्रिक्टचे डोळे तीन ठिकाणी असतात. एक आरोग्यात, एक न्याय समितीत, एक करांच्या समितीत. शाळेच्या इमारतीचा विषय असो की नर्सिंग होमचा, तिघांपैकी कुणीतरी त्या खोलीत बसलेलं असतं. म्हणून मुरलेले डेलिगेट आपापला विषय वाटून घेतात आणि दुसऱ्याच्या विषयात बिल टाकत नाहीत. टाकलं तर ते पडत नाही, पण पुढच्या वेळी तुमचं बिल आलं की सहकाऱ्याला अचानक घसा बसल्यामुळे साक्ष देता येत नाही. अंदाजपत्रकाचंही लक्षात ठेवा: अनेक दशकं इथे विधिमंडळाला गव्हर्नरच्या अंदाजपत्रकात कपात करता यायची, भर घालता यायची नाही. 2020 मध्ये मतदारांनी घटनादुरुस्ती करून ते बदललं. जुनी मंडळी अजूनही जुन्याच सवयीने बोलतात, म्हणून सांगितलं.

बर्वे बत्तीस वर्षं कसे टिकले, असं मला बरेच जण विचारतात. मी त्यांच्या ऑफिसात कधी काम केलेलं नाही, त्यामुळे आतलं काही सांगत नाही. बाहेरून दिसतं ते असं की आजूबाजूला सेनेटच्या जागेवरून इतकी ओढाताण झाली तरी ते त्यात उतरले नाहीत. खालच्या सभागृहातच ज्येष्ठता साठवत गेले. तीन जागांच्या डिस्ट्रिक्टमध्ये जो कुणाच्याच वाटेत येत नाही, त्याचं नाव सगळ्यांच्या कार्डावर असतं. एका जागेच्या मतदारसंघात ही युक्ती चालत नाही. तिथे बाकी कुणाहीपेक्षा जास्त लोकांना तुम्ही पहिले हवे असावे लागता.

तुम्ही नागरिक आहात, मेरीलँडमध्ये वर्षभर आणि त्या डिस्ट्रिक्टमध्ये सहा महिने राहत असाल, वय किमान एकवीस, एवढ्यावर कायद्याची अट पूर्ण होते. आज करायचं काम म्हणजे मतदार नोंदणीत पक्ष लिहिलेला आहे ना ते तपासणं. ते राहून गेलं तर त्या पक्षाच्या प्रायमरीत उमेदवारी अर्जच भरता येत नाही. नंतर तुमच्या सिटी काउन्सिलच्या किंवा शाळेच्या पीटीएच्या (पालक-शिक्षक संघाच्या) बैठकांना जायला लागा. पंधरा माणसं असतात, कॉफी वाईट असते, आणि पुढच्या वीस वर्षांचे अर्धे डेलिगेट तिथेच बसलेले असतात.

आणि पुढच्या प्रायमरीला कुणाच्याही बाजूने का होईना, त्या शंभर फुटांच्या पाटीपाशी सकाळी सात ते दहा उभ्या राहा. कार्डं वाटा, पण येणाऱ्याला एवढंच विचारा: तिसरं ठरलंय का? टपालाने मतदान करणारे आता बरेच वाढलेत, त्यामुळे पूर्वीइतके लोक भेटणार नाहीत, तरी तीन तासांत चाळीस-पन्नास उत्तरं मिळतील. ती घरी येऊन लिहून काढा. मग मला फोन करा, खजिनदार लागणारच आहे. कार्डावर नावं किती छापायची हे मात्र त्या वेळी मी ठरवणार.